न्यूट्रलिनो दिसला नाही, पण अ‍ॅक्सिऑनचं काय?
लार्ज हेड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या महायंत्रात सुपरसिमेट्रीचे, म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार मानणाऱ्या सिद्धांताचे कण सापडले नाहीत, म्हणून डार्क मॅटरची, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाची कल्पनाच मोडीत निघाली, हा तुमच्याकडच्या लेखाचा निष्कर्ष घाईचा आहे. कोलायडरने अडचणीत आणलाय तो न्यूट्रलिनो, म्हणजे सुपरसिमेट्रीने डार्क मॅटरसाठी सुचवलेला जड कण, आणि तोही त्याच्या सोप्या रूपांत. दीर्घिकांच्या फिरण्यातून आणि गुरुत्वीय भिंगांतून (वस्तुमानामुळे प्रकाश वाकण्यातून) मिळणारा डार्क मॅटरचा पुरावा जागच्या जागी आहे.

खरं खटकलं ते हे, की लेखात अ‍ॅक्सिऑन या डार्क मॅटरच्या दुसऱ्या उमेदवार कणाचा उल्लेखसुद्धा नाही! १९७७ साली पेच्चेई आणि क्विन या भौतिकशास्त्रज्ञांना प्रश्न पडला होता भलताच. तीव्र आंतरक्रियेच्या, म्हणजे अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलाच्या समीकरणांत एक कोन येतो. त्याची किंमत काहीही असू शकली असती, पण न्यूट्रॉनवरची मोजमापं सांगतात की तो जवळपास शून्य आहे. असलाच तर एक हजार कोटींतला एखादा भाग. का? त्यांनी सुचवलेल्या सममितीतून पुढच्याच वर्षी वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी एक अतिशय हलका कण काढून दाखवला, तोच अ‍ॅक्सिऑन. तो डार्क मॅटरच्या जागीही चपखल बसतो, हे १९८३ मध्ये लक्षात आलं.

त्याचा शोधही निराळा. साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, ७ टन द्रवरूप झेनॉन घेऊन एलझेड प्रयोग न्यूट्रलिनोसारख्या जड कणाच्या धडकेची वाट बघतो. सिअ‍ॅटलचा एडीएमएक्स प्रयोग मात्र प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अतिथंड धातूची पोकळी ठेवतो आणि रेडिओची सुई सरकवावी तशी वारंवारता बदलत अ‍ॅक्सिऑनमुळे उमटणारा मायक्रोवेव्हचा क्षीण संकेत शोधतो. आतापर्यंत शक्य वारंवारतांपैकी फार थोडा पट्टा तपासून झालाय.