कुंद्याचा डबा

जुलैच्या झडीत बेळगावात पापडांना, चामडी चपलांना आणि लग्नाच्या कॅसेटींना एकदमच बुरशी येते. पापड टाकता येतात. कॅसेट मात्र काकूंच्या थोरलीच्या लग्नाची होती, १९९१ सालची, आणि हलते-बोलते काका आता तेवढ्यातच उरलेले.

"तुला मशीनमधलं कळतंय की," काकू म्हणाल्या. पूर्वी एकदा मी त्यांच्या मिक्सरचा प्लग बदलला होता, त्याचे हे भोग.

माळ्यावरून कॅसेट लावायचा व्हीसीआर उतरवला. झाकण काढलं तर आत रबरी बेल्टचं डांबर! खडेबाजार पालथा घातला. एका दुकानातल्या पोरानं 'व्हीसीआर' हा सीसीटीव्हीचा कुठला पार्ट, असं विचारलं. पुढच्या दुकानात मालकांनी मान वर न करता कानडीत "इल्लरी", म्हणजे 'नाही हो', म्हटलं. त्या 'री'मधला आदर तेवढा पदरात पडला. व्हीएचएस, म्हणजे या कॅसेटीची जात, जपानात १९७६ साली आलं आणि शेवटच्या जपानी कंपनीनंही जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर काढणं थांबवलं. मी बेल्ट शोधायला निघालो तो त्यानंतर. शेवटी शहापुरातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकमामांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून बेल्ट काढून दिला.

बेल्ट बसला, चाकं फिरली, आणि मी हरखून कॅसेट तशीच आत सारली. बुरशीची कॅसेट कधीही अशी घालू नये. अर्ध्या इंची टेप मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या ड्रमला वेढा घालते आणि त्यावरच्या, टेपवरचं चित्र वाचणाऱ्या हेडची फट डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ती बुजायला कितीसा वेळ! पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"अक्षता पडाल्यात बघ!" काकू म्हणाल्या.

मी खिशातून कोरी नोट काढली. आमच्या लहानपणी हेड नोटेनंच पुसत. विचारायला फोन लावला तर मेकॅनिकमामा फोनवरच ओरडले, "नोट नको! चामड्याचा मऊ तुकडा घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, तो एका जागी धरा आणि ड्रम हातानं हळू फिरवा. खालीवर घासलासा की हेड गेलंच." आयसोप्रोपिल मागितल्यावर औषधवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की घरचं सगळं ठीक आहे ना हे मलाच सांगावं लागलं. मग टेप पुसणं. तीन तासांच्या कॅसेटीत २५८ मीटर टेप असते. मऊ फडकं लावून हातानं चक्री फिरवत मी दोन रविवार घालवले. मध्ये कोणी चहा विचारला की मी खेकसत होतो.

आता कॉम्प्युटरवर उतरवायचं. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास; पळवायची सोय नाही. सगळं घर टीव्हीपुढे बसलं. चित्र जागेवर आणणारं ट्रॅकिंगचं बटण पिळल्यावर नवरी बदामात आली, नवरदेव कमळातून उगवला. सव्वा तासानं पंगतीत काका आले, जिलेबी घेऊन, आग्रह करत. तोंड हलत होतं, पण वर व्हिडिओवाल्यानं सनई चिकटवलेली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि तसाच खाली घेतला.

"मागं घे जरा."

मागं घेणारं रबरी चाक निसटत होतं. चार वेळा थांबत-थांबत मागं आलो. काकू टीव्हीच्या काचेला नाक लावून उभ्या. काकांच्या मागे खांबाआड आमच्या निपाणीच्या आत्या, आणि त्यांच्या शालीतून डोकावणारा कुंद्याचा डबा. विहिणीसाठी ठेवलेली आमची बेळगावी मिठाई. त्या डब्यापायी काकूंनी बिचाऱ्या आचाऱ्याला तीस वर्षं शिव्या घातल्या होत्या.

"हितंच थांबव," म्हणत काकूंनी फोन उचलला. "वन्सं? जेवलासा काय?"