सागवानच आहे ते!

टेबल आडजात लाकडाचं आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे हे वाक्य मला कोणीही पूर्ण करू दिलेलं नाही.

जुन्या सामानाच्या दुकानातून अठराशे रुपयांत घेतलं. लिहायचं टेबल, दोन खणांचं. एका खणाची मूठ गायब, वरती चहाच्या कपांचे गोल डाग आणि मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात 'टे. क्र. 37'. म्हणजे कुठल्या तरी कार्यालयातून लिलावात निघालेलं. विकणाऱ्याने आपणहून सांगितलं, "सागवान नाही हं ताई, आडजात आहे. मागून बोलू नका." जुनं फर्निचर विकणारा माणूस स्वतःच्या तोंडाने 'सागवान नाही' म्हणतो, तेव्हा त्यावर कोर्टानेही विश्वास ठेवावा. ई-रिक्षात आडवं घालून, चारही पाय बाहेर काढून, ते प्रतापनगरला आणलं.

रंगवायचं खरं तर उन्हाळ्यातच होतं. पण नागपूरच्या मे महिन्यात डब्यातून निघालेला रंग लाकडापर्यंत पोचायच्या आतच ब्रशवर वाळायला लागतो आणि टेबलावर नुसते केसांचे ओरखडे उमटतात. 30 मे 2024 ला इथल्या एका स्वयंचलित केंद्राने तापमान 56 अंश दाखवलं होतं. हवामान खात्याने मग खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. खुलाशाची काही गरज नव्हती, आम्हाला आकडा बरोबर वाटला होता. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. ऑइल पेंटचा हात मारला की तो चिकटच राहतो, आणि घरातल्या प्रत्येकाला 'वाळला का?' म्हणून बोट लावून पाहायची हुक्की येते. तेव्हा उरला ऑक्टोबर, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा अख्खं नागपूर रंग घ्यायला निघालेलं असतं.

मुलीचं म्हणणं होतं की एवढा व्याप कशाला, चॉक पेंट आण. हा प्रकार ॲनी स्लोन नावाच्या ब्रिटिश बाईंनी 1990 मध्ये काढला. घासायचं नाही, प्रायमर नाही, सरळ फासायचा आणि वरून मेण लावायचं. रीलमध्ये पाऊण मिनिटात कपाट होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात चॉक पेंट विचारला, तर दुकानदार म्हणाला, "शाळेचा फळा रंगवायचा आहे का?"

मग आपला जुना मार्ग. आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220. कोरडं नाही, पाणी लावून आणि तोंडाला मास्क बांधून, कारण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि ती धूळ नाकात जाता कामा नये. वरचा चॉकलेटी निघाला, त्याच्याखाली सरकारी हिरवा, हिरव्याखाली गुलाबी प्रायमर, आणि गुलाबीखाली फिकट, बिनरेषेचं, गरीब आडजात. पुट्टी भरली, पुन्हा घासलं. फक्त रंग आणायचा बाकी होता. मोरपंखी. शेड कार्डावरचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला आणि मोठ्या दुकानात गेले. टिंटिंगचं मशीन असलेल्या, म्हणजे पांढऱ्या बेसमध्ये रंगाचे थेंब सोडून, डबा गदगदा हलवून पाहिजे ती शेड करून देणाऱ्या.

"काय रंगवायचं आहे?" दुकानदार.

"टेबल."

"पेंटर कोन आहे तुमचा?"

"मीच रंगवणार आहे."

"हो, पन पेंटर कोन आहे?"

मी पुन्हा सांगितलं. दुकानदाराने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मीही पाहिलं. मागे एक काकाजी होते.

प्रायमरच्या वीस लिटरच्या बादलीवर ते बसले होते. दोन पायांच्या मध्ये भाजीची पिशवी, तिच्यातून पालकाची जुडी बाहेर आलेली. हातात पन्नी, पन्नीत खर्रा. अंगठा आणि तळवा यांच्यामध्ये तो घोटणं चाललं होतं. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घासघास घासतात, त्याला खर्रा म्हणतात, आणि तो तोंडात गेल्यावर माणूस हनुवटी वर करून बोलतो, सांडू नये म्हणून. काकाजींनी तोबरा भरला, हनुवटी छताकडे केली आणि विचारलं, "कायचं आहे टेबल?"

"आडजात..."

"हाहवान अहन."

"काय?"

त्यांनी बाहेर जाऊन पिंक टाकली, परत येऊन त्याच बादलीवर बसले आणि स्वच्छ उच्चारात म्हणाले, "सागवान असन. जुनं आहे न? मंग सागवानच."

"नाही काकाजी, विकणाऱ्यानेच सांगितलं की..."

"त्याले काय समजते? फोटो आहे का?"

आता इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण दिवाळीच्या गर्दीत, मागे चार पेंटर आणि एक ठेकेदार उभे असताना, बादलीवर बसलेल्या सत्तरीच्या माणसाला 'फोटो नाही' म्हणून पाहा. फोन त्यांच्या हातात होता. त्यांनी खिशातून चष्मा काढला, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, आणि दोन बोटांनी फोटो मोठा, मोठा, आणखी मोठा केला.

"हे पाहा. ही रेषा. आडजातले अशी रेषा असते का?"

"काकाजी, तो माझ्या फोनच्या काचेला गेलेला तडा आहे."

"तड्याच्या खाली पाहा न तुम्ही!"

फोन मागच्या पेंटरकडे गेला. पेंटरने ठेकेदाराला दाखवला. ठेकेदाराने, का कोण जाणे, बोट सरकवलं आणि पुढचा फोटो आला. त्यात माझा नवरा सोफ्यावर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपलेला आहे. फोन काकाजींकडे परत आला.

"साहेब आहेत का हे?"

"हो."

"हे काऊन नाही आले?"

झोपले आहेत, हे फोटोत दिसतच होतं.

"कोनता रंग मारून राहिल्या?"

"मोरपंखी."

दुकानात जरा वेळ कोणी बोललं नाही. मशीनवाल्या पोराने डबा हलवणं थांबवलं. काकाजी बादलीवरून उठले. पालक पडला. "ताई," ते म्हणाले, "अयोध्येच्या मंदिराचे दरवाजे कायचे आहेत? आपल्या बल्लारशाचं सागवान आहे ते. 2023 मध्ये मिरवणूक काढून पाठवलं, ढोलताशे लावून. दिल्लीले नवी संसद झाली, तिथं कुठून गेलं सागवान? नागपुरावरून. तिथं कोनी मोरपंखी मारला का?"

याला उत्तर नाही. संसदेत कोणी मोरपंखी मारलेला नाही, हे मला मान्य आहे.

एका पेंटरने मुद्द्याचं सांगितलं: सागवान तेल सोडतं, पांढऱ्या प्रायमरमधूनही पिवळे-तपकिरी डाग वर येतात. हे अगदी खरं आहे, आणि मला माहीत होतं. त्यावर उपाय चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. मी म्हणाले, "त्यासाठी आधी चपड्याचा एक हात मारायचा, डाग अडतात. पण हे सागवान नाहीच, त्यामुळे..." माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. ठेकेदार फोनवर बोलायला लागला. मिनिटभराने काकाजींनी हनुवटी खाली केली आणि जाहीर केलं, "आधी चपडा मारा. चपडा मारला का डाग येत नाही." चारही पेंटरांनी माना डोलावल्या. दुकानदार म्हणाला, "काकाजींना माहिती आहे."

मी लाकूड घासून आलेले. माझ्या नखांत अजून गुलाबी प्रायमर. पण चपडा काकाजींचा झाला.

मग ते जुन्या काळाकडे वळले. "पहिलेच्या रंगात दम होता. वीस-वीस वर्षं निघत नव्हता." होता ना दम. शिसं होतं त्यात. आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात 90 पीपीएमच्या वर शिसं चालत नाही, ते काही दम कमी करायला नाही, पोरांच्या मेंदूची काळजी म्हणून. पण हे मी मनातल्या मनात म्हणाले. एव्हाना मी सगळंच मनातल्या मनात म्हणत होते. चिठ्ठी पोराच्या हातात दिली, "हा नंबर, एक लिटर" असं सांगितलं आणि पैसे द्यायला काउंटरच्या रांगेत लागले. डबा वर्तमानपत्रात गुंडाळून आला. काकाजींनी निरोप दिला, "झालं का फोटो दाखवजा." कुठे दाखवू, ते विचारायचं राहिलं.

घरी वर्तमानपत्र सोडवलं, पेचकसाने झाकण उचकटलं. आत चॉकलेटी.

थोडाफार चुकलेला मोरपंखी नव्हे. तयार डब्यातला, अस्सल, सरकारी चॉकलेटी, दोन दिवस पाणी लावून मी टेबलावरून काढला होता तोच.

दुकानात परत गेले. दुकानदाराने डबा उलटसुलट पाहिला. "झाकन उघडलं तुम्ही."

"उघडल्याशिवाय रंग कसा कळणार?"

"कागद काढला असता न, वर शेडचं नाव लिहिलेलं आहे. उघडलेला माल कंपनी परत घेत नाही, मॅडम."

"पण मी मोरपंखी मागितला होता. चिठ्ठी दिली होती."

चिठ्ठी अजून मशीनवर होती, डब्याखाली दबलेली, एका कोपऱ्यावर निळा थेंब पडलेला. पोराला बोलावलं. पोरगं माझ्याकडे न बघता मालकाला म्हणालं, "ते बोलले न, बेटा ते मोरपंखी राहू दे, चांगला चॉकलेटी दे ताईले."

"कोण बोलले?"

"काकाजी."

"ते कोण आहेत?"

आता दुकानदार गोंधळला. "तुमच्यासोबत होते न ते?"

"माझ्यासोबत कोणीच नव्हतं."

"मले वाटलं तुमचे सासरे आहेत."

पोराने मग खुलासा केला. काकाजींच्या स्कूटरचं पंक्चर शेजारच्या दुकानात निघत होतं. इथे सावली होती, म्हणून येऊन बसले होते.

म्हणजे एक परका माणूस पंक्चर निघेपर्यंतच्या वेळात माझ्या टेबलाचं लाकूड ठरवतो, माझा नवरा पाहतो, माझा चपडा घेऊन जातो, माझा रंग बदलतो, आणि पाच माणसांतल्या एकालाही यात वावगं वाटत नाही. कारण बाई रंगाच्या दुकानात एकटी कशी येईल? कोणीतरी सोबत असणारच. जवळ जो म्हातारा सापडेल, तो तिचा. हे फक्त रंगाचं नाही. गिझर बिघडला की मेकॅनिक मला तक्रार विचारतो आणि उत्तर नवऱ्याला देतो, नवरा घरी नसेल तर फोन लावून देतो. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर मी दहा वर्षं चालू-बंद करते आहे, तरी दुरुस्तीवाला म्हणतो, "भाऊ आले की समजावून सांगीन." भाऊंना स्टार्टर कुठल्या भिंतीवर आहे हे माहीत नाही. मी चिडून हे घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "पण चॉकलेटी काही वाईट दिसत नाही." त्या दिवशी भाजीला मीठ जास्त पडलं. पडू दिलं.

पैसे परत मिळाले नाहीत. दुकानदाराने पुढच्या खरेदीवर सूट देतो म्हणून सांगितलं, ती त्याच्याकडेच ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी धंतोलीतल्या दुसऱ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने तोंड उघडलं, "पेंटर कोन..."

"सासऱ्यांनी पाठवलं आहे," मी म्हणाले. "मोरपंखीच पाहिजे म्हणाले. हा नंबर."

एक प्रश्न नाही. थेंब पडले, डबा हलला, झाकणावर ठिपका लागला, मोरपंखी. ब्रश कुठला घ्यावा हेही त्याने सांगितलं, सासऱ्यांसाठी. माझे सासरे वारून बरीच वर्षं झाली आणि हयातीत त्यांनी खिळासुद्धा ठोकला नव्हता, पण रंगाच्या बाजारात त्यांचा शब्द अजून चालतो.

टेबल आता मोरपंखी आहे. पातळ थरांचे दोन हात, मध्ये एकदा हलका 320 नंबर, नवीन पितळी मुठी. मागचा 37 नंबर तेवढा मुद्दाम ठेवला. ते आतल्या खोलीत आहे, तिथे कोणी येत नाही.

चॉकलेटी वाया कशाला घालवायचा म्हणून मी बाहेरचं लोखंडी फाटक खरवडून, रेड ऑक्साईडचा हात देऊन त्यावर मारला. फाटक रस्त्यावरच, त्यामुळे सगळी गल्ली पाहते. परवा पलीकडच्या ओळीतले एक गृहस्थ थांबले. फाटकावरून हात फिरवला, खालून वाकून पाहिलं, कडा पाहिल्या, बिजागऱ्या पाहिल्या.

"मस्त झालं जी. एक ओघळ नाही. पेंटरचा नंबर द्या न."

मी माझा नंबर दिला. संध्याकाळी फोन आला. मी "हॅलो" म्हणताच तिकडून आवाज आला, "वहिनी, जरा पेंटरभाऊंना द्या न फोन."