बादली

माझी निळी बादली शेजारच्या तात्यांकडे आहे. आज चौथा दिवस. मी मागायला जाणार नाही. आणि मला बोलायचंय ते बादलीबद्दल नाहीच. (थोडंसं आहे.)

माझ्याकडे 1971 सालची जर्मन कॉम्बी व्हॅन आहे. कशी आली ते विचारू नका, बायकोनंही आता विचारणं सोडलंय. वेंगुर्ल्यात कॉम्बीची कोंबी व्हायला आठवडा लागला, कोंबीची कोंबडी तात्यांनी केली.

तर कोंबडी तेल गाळायची. तिचं 1600 सीसीचं इंजिन मागे असतं आणि वाऱ्यावरच थंड होतं. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या आठ पुशरॉड, प्रत्येकीवर पातळ पत्र्याची नळी, हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या टोपणातलं, तेल त्या नळीतूनच खाली परततं. नळीच्या दोन्ही टोकांना रबरी सील, म्हणजे गळायला सोळा जागा. सील उष्णतेनं सुक्या खोबऱ्यासारखे कडक होतात, पत्रा आमचा खारा वारा खातो. गळलेलं तेल पडतं नेमकं हीटरच्या पेटीवर, की धूर थेट गाडीत. वेंगुर्ल्यात हीटर!

तात्या रोज सकाळी करवंटी घेऊन हजर.

"कोंबडेन आज किती घातल्यान?"

हे जळकं ऑइल ते खोपीच्या खांबांना लावत. "वाळवी लागणा नाय." एकदा त्यांनी गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत वाकून रेडिएटर शोधला.

"पाणी खंय घालतंस रे?"

"तात्यानू, हिला पाणी लागत नाही."

"म्हशीक लागता, माणसाक लागता, हिका नाय?" मग माझ्याकडे, ठकलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहिलं.

मूळच्या नळ्या बदलायच्या तर हेड काढावं लागतं, म्हणजे आधी इंजिन खाली. गॅरेजवाला गाडीखाली वाकला, उठला, हात पुसले आणि म्हणाला, "दादा, बुलेट असली तर आणा." शेवटी मी स्प्रिंगवर आखडणाऱ्या, दोन तुकड्यांच्या नळ्या मागवल्या. त्या हेड न काढता बसतात. रॉकर सोडा, पुशरॉड ओढा, जुनी नळी पकडीनं चेंबून काढा, नवी दाबून आत सरकवा. सांगायला एवढंच. दोन रविवार मी पाठीवर होतो, तोंडात माती, डोळ्यांत ऑइल.

आणि गडग्यावर तात्या. "साबण लाव. पेट्रोलच्या टाकयेक लावतत, तसो."

पुशरॉड ज्या भोकातून काढली तिथेच परत घालायची असते, इतक्या वर्षांत ती तिथंच झिजलेली असते. म्हणून आठही मी पेपरवर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. गाडीखालून बाहेर आलो तर सातच. आठवीनं तात्या पाठ खाजवत होते.

"कुठली उचललीत?"

"सगळी सारकीच दिसतत." असं म्हणून पाहायला अजून तीन उचलल्या, आणि ठेवल्या कुठेही.

मी मोठ्यानं काही बोललो नाही. वडिलांच्या वयाचा माणूस. पण झीज जुळवत बसण्यात माझी दुपार गेली. त्याचा हिशेब कोण देणार?

मग व्हॉल्व्हचं अंतर, 0.15 मिलिमीटर, इंजिन थंड असताना. मे महिन्यात कोकणात इंजिन थंड म्हणजे पहाटे पाच. तात्या पाचलाही होते. त्याच निमित्तानं ऑइल बदललं, तर काढलेलं अडीच लिटर माझ्याच बादलीतून उचलून घेऊन गेले. विचारलंसुद्धा नाही.

काल सकाळी करवंटी घेऊन आले. बादलीचं नाव नाही. गाडीखाली वाकले. जमीन कोरडी. बोट लावून पाहिलं, बोटाचा वास घेतला. मला वाटलं, आता तरी "बरा केलंस" म्हणतील.

सरळ झाले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून ओरडले, "गो सूनबाई, तुमची कोंबडी खुडूक झाली गो!"

आत बायको हसली. बराच वेळ हसत होती.