‘कॉलर माइक खोचा, स्टुडिओचा आवाज मिळवा’ या मेसेजला उत्तर

शिक्षकांच्या, भजनी मंडळांच्या, शेतीचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाइलचा आतला माइक कुचकामी असतो, बाजारातला कोणताही कॉलर माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) कोणत्याही फोनला चालतो, खोचला की काम सुरू, वायरीचे दिवस गेले, वायरलेसच घ्या, आणि कीर्तन रेकॉर्ड करायचं तर साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर सरळ मोबाइलला जोडा.

यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही, आणि त्यात नुकसान फक्त पैशांचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. तसलं काम आज परभणी-बीडच्या खेड्यातली नात स्वतःच्या फोनवर करू शकते. पण आजी दमली, की तीच ओवी त्याच चालीत पुन्हा मिळेल याची खात्री नाही. म्हणून मुद्द्यामुद्द्याने उत्तर देतोय.

‘मोबाइलचा माइक कुचकामी.’ नाही. हल्लीच्या साध्या फोनचा माइकही बोलणं आणि गाणं टिपायला पुरेसा असतो. बिघडतं ते अंतरामुळे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं, की आवाज सहा डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) उतरतो. तोंडापासून वीतभर, म्हणजे नऊ इंचांवर असलेला फोन सहा फुटांवरच्या स्टँडला नेला, तर अंतर आठपट होतं आणि आवाज अठरा डेसिबलने पडतो. खोलीत भिंतींमुळे हा आकडा थोडा कमी भरतो, पण कोपऱ्यातल्या कूलरची घरघर होती तेवढीच राहते, हे महत्त्वाचं. मग ऐकणाऱ्याला आजीपेक्षा कूलरच जास्त ऐकू येतो. कॉलर माइकची खरी करामत एवढीच, की तो तोंडापासून वीतभर खाली बसतो. तोच माइक टेबलावर ठेवला, तर तोही कूलरच ऐकवतो, कारण बहुतेक कॉलर माइक चहूबाजूंचा आवाज सारखाच घेतात.

म्हणून पहिला उपाय फुकटातला आहे. कूलर आणि पंखा बंद करा. पत्र्याच्या किंवा फरशीच्या घुमणाऱ्या खोलीत दोन-तीन गोधड्या दोरीवर टाका. दुसरा फोन गाणाऱ्याच्या जवळ, छातीच्या उंचीवर ठेवून त्यावर फक्त आवाज घ्या, आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. पुढे व्हिडिओतल्या टाळीला ही टाळी जुळवली, की दोन्ही एकत्र बसतात.

‘कोणताही माइक, कोणताही फोन.’ इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. माइकची पिन हातात घेऊन बघा. तिच्यावर काळे पट्टे दोन असतील, तर ती कॅमेऱ्यासाठीची. तीन असतील, तर फोनसाठीची. फोनच्या गोल जॅकमध्ये डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि माइक असे चार जोड असतात. दोन पट्ट्यांच्या पिनेला चौथा जोडच नसतो. ती खोचली, की फोन समजतो हेडफोन लागला, आणि रेकॉर्डिंग आतल्याच माइकवर चालू राहतं. त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो. बोया कंपनीच्या बीवाय-एम१ सारख्या माइकला तीन पट्टे असतात, पण वायरीवरच्या डबीचा स्विच फोनच्या बाजूला हवा. कॅमेऱ्याच्या बाजूला राहिला, तर आवाज बिघडतो.

टाइप-सीचं आणखी वेगळं. गाणी ऐकण्यासाठी घेतलेला टाइप-सी कन्व्हर्टर माइकही चालवेलच असं नाही; घेताना दुकानातच आपल्या फोनला लावून रेकॉर्ड करून बघा. ओप्पो, रिअलमी, वनप्लसच्या बऱ्याच फोनांत ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावं लागतं, आणि काही वेळ वापर नसला तर ते आपोआप बंद होतं. आयफोनला २०१६ पासून गोल जॅक नाही, आणि २०२३ पासून टाइप-सी आहे. जुन्या आयफोनचा माइक नव्याला सरळ बसत नाही.

‘खोचला की सुरू.’ फोनला माइक दिसला, तरी कॅमेऱ्याचं अ‍ॅप तो वापरेलच असं नाही. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत अ‍ॅप आहे. त्याच्या सेटिंगमध्ये आवाज कुठून घ्यायचा ते निवडता येतं. खात्री करायला अर्धा मिनिट पुरतो. रेकॉर्डिंग सुरू करा, कॉलर माइकवर नखाने हलकेच खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर खरवडा. आता ऐका. माइकची खरखर मोठी आणि फोनची बारीक, तर ठीक. उलटं असेल, तर माइक नुसता अंगावर लटकलाय. कार्यक्रम सुरू होण्याआधी हे एवढं कराच.

‘वायरलेसच घ्या.’ शेतात चालत बोलायचं असेल, तर वायरलेस सोयीचा, यात वाद नाही. पण स्वस्तातले बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच, आणि माणसाचं अंग या लहरी अडवतं. सप्ताहाच्या मांडवात हजार लोक आणि हजार फोन असताना मध्येच शब्द गळू शकतात. एका जागी बसून गाणाऱ्या माणसाला वायरच बरी. ब्लूटूथ इयरफोनचा माइक तर गाण्यासाठी वापरूच नका; तो कॉलसाठी बनलेला असतो, आणि त्यातून आवाज फोनवरच्या बोलण्यासारखाच येतो.

किमतीबद्दल फार लिहीत नाही. लांब ठेवलेला महाग माइक जवळच्या स्वस्त माइकपुढे हरतो. शेतातल्या वाऱ्यासाठी मात्र स्पंजचं किंवा केसाळ टोपडं लागतंच.

‘मिक्सरमधून सरळ मोबाइलला.’ हे सगळ्यात घातक. फोनचा जॅक माइकच्या काही मिलिव्होल्टची अपेक्षा धरतो. मिक्सरमधून साधारण एक व्होल्टपर्यंत सिग्नल येतो. आवाज पूर्ण फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणतंही अ‍ॅप पुन्हा शिवून देत नाही. मिक्सरमधून घ्यायचंच असेल, तर लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मिक्सरचा मोठा सिग्नल फोनला झेपेल असा करून देणारी डबी) किंवा सिग्नल कमी करणारी खास वायर लागते. साउंडवाल्या दादांना आधी विचारा, अभंगाच्या वेळी पातळी लावून घ्या, कारण निरूपणापेक्षा टाळ-मृदंग कितीतरी मोठे वाजतात. आणि मिक्सरमध्ये फक्त माइकसमोरचेच आवाज येतात. मागे उभ्या टाळकऱ्यांचा गजर त्यात येत नाही. तो हवा असेल, तर दुसरा फोन टाळकऱ्यांजवळ, भोंग्यापासून लांब ठेवा, एअरप्लेन मोडवर, म्हणजे मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही.