मुलगा फॉरेनला असतो

देशसेवा वगैरे मनात होतीच, पण फौजेत जायचं मेन कारण चिखल. आमचं रान कऱ्हाडच्या खाली कृष्णेकाठी, काळंभोर, ऊस झकास येतो, पण पावसात त्या रानात पाय टाकला की पाय वर येतो आणि चप्पल तिथंच राहते. अवकाळी झाला आणि उसानं भरलेली ट्रॉली रुतली की आप्पा मला हाक मारणार, मी मागनं ढकलणार, आणि चाक गरगर फिरून सगळा राडा माझ्या तोंडावर. बारावी झाल्यावर ठरवलं की बास झालं, आता कडक इस्त्रीचे कपडे घालायची नोकरी बघायची.

भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं, बीमवर पुल-अप काढले, नऊ फुटी खड्डा उडालो आणि बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला दाखल झालो. 1768 पासूनची पलटण, हजारभर गळ्यांतून 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' निघालं की अंगावर काटा येतो, ते सगळं खरंच आहे. पण बेळगावच्या जुलैबद्दल मला कुणीच काही बोललं नव्हतं. तिथं माती लाल, पाऊस दिवसरात्र, आणि रंगरूट, म्हणजे नवा भरती झालेला जवान, नावाचा प्राणी उभा चालण्यापेक्षा पोटावर जास्त चालतो.

आम्हाला ट्रेनिंग देणारे उस्ताद कोल्हापूरकडचे. रागावले की हिंदीत बोलायचे, जास्त रागावले की मराठीत, आणि गप्प बसले की आम्ही देवाचं नाव घ्यायचो. त्यांची एक खोड होती, फॉलिनमध्ये, म्हणजे रांगेत उभं केल्यावर, एकेकाचा कान पुढं वाकवून मागं बघायचे. एकाच्या जरी कानामागं माती दिसली तरी सगळ्या प्लाटूनला रगडा, म्हणजे अंगमोड शिक्षा. आता हा रगडा द्यायचा कुठं, तर त्याच ग्राउंडवर, फ्रंट रोल मारत, म्हणजे उठून उभं राहिलो की सगळ्यांच्याच कानामागं माती, की परत रगडा. ह्यातून सुटायचा मार्ग एकच, जेवणाची वेळ होणं, कारण उस्तादांनाही भूक लागायची. रात्री बॅरकमध्ये रायफल साफ करताना चिंधी बॅरलमधनं पांढरीशुभ्र निघेपर्यंत झोप नाही. माझी रायफल माझ्यापेक्षा स्वच्छ होती आणि तिला ते माहीत होतं असं मला वाटायचं.

ट्रेनिंग संपल्यावर शपथ घ्यायच्या कसम परेडला आई-आप्पा आले. आईनं मला ओळखलंच नाही, शेजारच्याला जवळ घेऊन रडायला लागली. झिरो कटमध्ये सगळे सारखेच दिसतो, त्यात तिचा दोष नाही, आणि तो पोरगाही काही बोलला नाही, गपचूप रडवून घेतलं आणि लाडूपण खाल्ला.

मग काही वर्षांनी यूएनच्या शांतिसेनेच्या मिशनच्या लिस्टमध्ये नाव आलं. दक्षिण सुदान. गावात बातमी पोचेपर्यंत त्यातलं सुदान गळून नुसतं फॉरेन उरलं. मामानं बाटली सांगितली, चुलतभावानं मोबाइल सांगितला, आणि आईनं दुसऱ्याच दिवशी माझ्या बायोडाटात 'मुलगा फॉरेनला असतो' हे वाक्य टाईप करून घेतलं. मी म्हटलं अगं तिथं मॉल नाहीत, तो देशच 2011 साली जन्मलाय, तर म्हणाली, मग तर सगळं नवंकोरं असेल की.

जाण्याआधी भरपूर लेक्चर झाली. गोळी कधी चालवायची, त्याहून जास्त, कधी नाही चालवायची, कुणाचा फोटो काढायचा नाही, कुणाकडनं काही घ्यायचं नाही. ह्यात मी चेष्टा करणार नाही, कारण आमची नेमणूक होती त्याच जोंगलेई राज्यात एप्रिल 2013 मध्ये गुमुरुकजवळ घात लावून आपले पाच जवान मारले होते. ते नाव लेक्चरमध्ये आलं की मागच्या बाकावरची कुजबुजपण थांबायची.

तर आधी युगांडातलं एंटेबी, तिथनं दक्षिण सुदानची राजधानी जुबा, जुबाहून हेलिकॉप्टरनं बोर. पांढऱ्या नाईलच्या काठावरचं गाव. उतरलो, निळी टोपी नीट केली, पहिला पाय खाली टाकला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला.

काळी माती. अगदी तीच. तसाच चिकटा, तसाच वास, उन्हाळ्यात तशाच हात-हात भेगा. पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर, त्या काळात तिथं रस्ता ही गोष्ट फक्त नकाशावर असते. वरनं हेल्मेट, बुलेटप्रूफ जॅकेट, रायफल, पाण्याच्या बाटल्या, आणि कचऱ्याच्या ढिगावर छातीएवढे टकले मराबू करकोचे उभे, आमच्याकडं असे बघायचे जणू आता येऊन कान वाकवणार.

एकदा पेट्रोलिंगला आमची गाडी रुतली. पांढरीशुभ्र गाडी, दोन्ही बाजूला यूएन लिहिलेलं, आणि ती हळूहळू मातीत बसत चाललेली, एन खाली गेला तरी यू अजून वर. हवालदार साहेब म्हणाले रेस दे, ड्रायव्हरनं रेस दिली, गाडी अजून खाली. मी न विचारता उतरलो, कोयता घेतला, उंच गवत कापलं, चाकापुढची माती उकरून गवत आडवं अंथरलं, टायरची हवा कमी करायला लावली आणि ड्रायव्हरला सांगितलं, रेस नको, दुसऱ्या गिअरला हळू सोड. साहेबांनी विचारलं, हे कुठल्या कोर्सला शिकवलं? मी म्हटलं सर, आप्पांच्या.

अर्थात ढकलायला मागं मीच होतो. आणि चाक फिरल्यावर जे व्हायचं ते झालंच.

हा सगळा कार्यक्रम तिथल्या डिंका जमातीचा एक म्हातारा बघत उभा होता, उंच, काटकुळा, अंगाला राख फासलेली, मागं वावभर शिंगांच्या गाई. पोट धरून हसत होता. मग आमच्या दुभाष्याला काहीतरी म्हणाला. दुभाष्या म्हणाला, तो विचारतोय ह्या खवाजाकडं, म्हणजे परदेशी माणसाकडं, गाई किती?

"एक जर्सी आणि दोन म्हशी," मी म्हटलं.

म्हाताऱ्याचं हसू गेलं. लग्न झालंय का विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुखवट्याला आल्यावर ठेवतात तसा. कारण तिकडं हुंडा उलटा चालतो, नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या घरी गाई द्यायच्या, तीस-चाळीसपासून सुरू होऊन शंभरावरही जातात, आणि एका जर्सीवर मला मुलगी तर सोडाच, चहापण कुणी पाजला नसता. आमच्या तुकडीबरोबर जनावरांचे डॉक्टर होते, त्यांना तिथं जो मान होता तो आम्हा बंदूकवाल्यांना कधीच मिळाला नाही. गाईला टोचून झालं की लोक त्यांचे दोन्ही हात हातात घ्यायचे. आम्ही हात केला तर हात करायचे, बस.

रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर घरी फोन लावला. तिकडं साडेतीन तास पुढं, म्हणजे आप्पा झोपायच्या बेतात. आई म्हणाली, सातारकडचं एक स्थळ आलंय, मुलीकडचे विचारत होते मुलगा फॉरेनला नेमका कुठं असतो. मी म्हटलं सांग नदीकाठी असतो. मग आप्पांना म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. आप्पांना लग्नात काही रस नाही, पण गाई म्हटल्यावर उठून बसलेले आवाजावरनं कळलं.

"चाळीस गाई?"

"चाळीस. जास्तपण देतात."

"एका पोरीसाठी?"

"हो."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेट गेलं.

"दूध किती देतीय रं एक गाय?"

"जेमतेम लिटर-दीड लिटर असेल, आप्पा."

"मग लागत्यातच की चाळीस," म्हणाले आणि फोन आईकडं दिला.