काचेवर क्रूस, काट्यावर पॉइंट

आज सकाळी शेजारच्या गावात खेडा खरेदीची, म्हणजे गावात येऊन कापूस विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याची, गाडी लागली होती. पिकअपच्या पुढच्या काचेवर मोठा क्रूस, खाली सोनेरी अक्षरांत 'येशू माझा मेंढपाळ'. तिवईला इलेक्ट्रॉनिक काटा टांगलेला. काट्यावर आलं ३८.७००, वहीत लिहिलं ३८. पुढचं गाठोडं ४१.६००, वहीत ४१. ज्यांचा कापूस होता ते आबा म्हणाले, "दादा, पॉइंट बी लिखी ल्या ना." तर उत्तर आलं, "आबा, पॉइंटनं काय होतं?"

काय होतं ते मी सांगतो. तीस गाठोडी धरा. प्रत्येकामागे सरासरी अर्धा किलो सुटला की झाले १५ किलो. क्विंटलला ७००० भाव धरला तर १०५० रुपये. वेचणीचा दर किलोला १० रुपये धरला तर एवढ्या पैशासाठी बाईला १०५ किलो कापूस वेचावा लागतो. म्हणजे दोन-अडीच दिवस वाकून, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटून. हे सगळं त्या पॉइंटात असतं. आणि ते काढून घेणारा आपल्यातला, उपासनेला पुढच्या बाकावर बसणारा!

बायबलमधलं लेवीय १९ उघडा, ३५ आणि ३६ वचन. खरा तराजू, खरी वजनं. आमोस ८:५ मध्ये तर माप लहान करणाऱ्या व्यापाऱ्यांवर देव सरळ संतापला आहे. आपण हे रविवारी वाचतो आणि सोमवारी कट्टी कापतो, म्हणजे वजनातून मनाला येईल तेवढी घट धरतो. व्यापार असाच चालतो म्हणे. शेतकरीही कापसावर पाणी मारतो, हो, मारतो. पण त्याचा उपाय ओलावा मोजायचं यंत्र आहे. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा धरून भाव असतो, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात होते आणि त्यापुढचा माल घेत नाहीत. कपात करायचीच तर अशी, समोरच्याला आकडा दाखवून करा. पॉइंट गिळून कसली वसुली करता?

ज्यांच्याकडे काटा आहे त्या आपल्या भावांसाठी लिहितो. काटा टांगला की आधी रिकामं कापड टांगून वजन बघा आणि तेवढंच वजा करा. ६०० ग्रॅमच्या कापडाला सरसकट किलो कापणं ही चोरीच आहे. प्रत्येक गाठोडं काढल्यावर आकडा परत शून्यावर येतो का, ते विकणाऱ्याला बघू द्या. गाठोडं जमिनीला, गाडीच्या फळीला, कुणाच्या गुडघ्याला टेकलेलं नको. वाऱ्यात झोका घेत असेल तर थांबा, आकडा स्थिर होऊ द्या. बॅटरी उतरली की आकडा नाचतो, तेव्हा मोजणी बंद करून चार्जिंगला लावा. आकडा मोठ्याने वाचा, ग्रॅमसकट लिहा आणि दुसरी वही शेतकऱ्याच्या हातात द्या.

आता काटाच बिघडवलेला असेल तर? पाच किलोचं वजन टांगून तो सहज सापडत नाही, आणि लोक इथेच फसतात. काटा दोन टक्के कमी दाखवत असेल तर पाच किलोत १०० ग्रॅमच जातात, तिकडे कुणी लक्ष देत नाही. ४० किलोच्या गाठोड्यात मात्र ८०० ग्रॅम जातात. म्हणून तपासणी गाठोड्याएवढ्या वजनानेच करायची, २० किलोची शिक्क्याची दोन वजनं एकत्र टांगून. वैधमापन खात्याचा शिक्का इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर वर्षी नव्याने मारून घ्यावा लागतो. त्याचं प्रमाणपत्र गाडीतच ठेवा. क्रूसाच्या शेजारी काचेवर लावलं तरी चालेल, मला तर ते फार आवडेल.

हे लिहिताना मघाचा राग थोडा उतरलाय. स्टिकर काढा असं मी म्हणत नाही. आजच्या दिवसांत आपल्या नंदुरबार-धुळ्याकडे गाडीवर क्रूस लावून गावोगाव फिरायला छाती लागते, हे मला माहीत आहे. त्या गाडीवाल्या मुलाकडे ती आहे. म्हणून तर जीव तुटतो. त्या गावात ख्रिस्ताचं नाव एरवी कुणी घेत नसेल. तिथल्या आबांनी वाचलेलं एकमेव वचन त्या काचेवरचं, आणि ते वाचता वाचता दोनच गाठोड्यांत त्यांचे तेराशे ग्रॅम गेले. मत्तय ५:१६ मध्ये प्रभूने लोकांना आपली सत्कर्मं दिसू द्या म्हटलंय. आबांना आज काय दिसलं?

कुणी म्हणेल, मत्तय ६ मध्ये दाखवण्यासाठी काही करू नका असंही आहे. आहे. पण तिथे दान, प्रार्थना, उपास यांबद्दल बोलणं आहे. वजन लपून करा असं कुठेही नाही!

आणि शेतकरी भाऊबहिणींनो, संध्याकाळी बांधावर वेचणीचा कापूस मोजता तेव्हा तुम्हीही व्यापारीच असता. तिथेही पॉइंट सुटतो, तिथेही 'ओला आहे' म्हणून दोन किलो उडतात. दव सुकायच्या आत वेचायला लावलं तुम्ही आणि कपात वेचणाऱ्या बाईच्या मजुरीत? दव सुकल्यावर वेचणी सुरू करा, मग हा वादच राहत नाही. मजुरी त्याच संध्याकाळी द्या. बाजारच्या दिवसापर्यंत लांबवू नका. लेवीय १९:१३ रात्रभरसुद्धा ठेवू नका म्हणतं. याकोब ५:४ तर तिसऱ्यांदा वाचायची हिंमत होत नाही, अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचं ओरडणं देवाच्या कानी जातं.

लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय येशूला भेटल्यावर चौपट परत देतो म्हणाला. आपण निदान आजपासून पूर्ण मोजू.

माझी पाळकांना आणि पंचांना एकच विनंती आहे. नाताळच्या रोषणाईतून थोडे पैसे बाजूला काढा आणि मंडळीच्या नावाने २० किलोची शिक्क्याची दोन वजनं घ्या. ती चर्चमध्ये ठेवा, किल्ली महिला मंडळाकडे द्या. गावातला कुणीही, ख्रिस्ती असो नसो, कापूस मोजायच्या आदल्या संध्याकाळी घेऊन जाईल आणि मोजणी झाली की आणून देईल. लोखंडी वजनं गंजू नयेत म्हणून कोरड्या जागी, फळीवर ठेवा. आपटली, कोपरा उडाला तर वापरू नका, तपासून नवा शिक्का घ्या. दर दोन वर्षांनी पुन्हा शिक्का लागतोच, ती तारीख वहीत लिहून ठेवा. आणि पहिली तपासणी आपल्याच लोकांच्या काट्यांची करा, पंचांपासून सुरुवात करून.