‘जुन्या गाड्यांशी खेळू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या जीपच्या कार्बोरेटरवरच्या (इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग) लेखाखाली तुम्ही लिहिलेलं काल रात्री दोनदा वाचलं, आज सकाळी परत वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुना कार्टर कार्बोरेटर काढून सोलेक्सचा बसवायची गरज नव्हती, लेथवर शाफ्टला बुश (झीज भरून काढणारी बारीक नळी) मारून दुरुस्तीचं नवं किट टाकलं असतं तर भागलं असतं, आधी फ्युएल पंप बघायला हवा होता, आणि इथेनॉलच्या पेट्रोलाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. शेवटी तुम्ही लिहिता, "ज्यांना कदर नाही त्यांनी जुन्या गाड्यांशी खेळू नये."

आधी माझी चूक. माझ्या जीपच्या, म्हणजे सीजे-३बीच्या, इंजिनाला मी ‘साइड व्हॉल्व्ह’ म्हटलं, ते चुकलं. तिच्या हरिकेन इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, इनलेटचे वर हेडमध्ये. म्हणून तर ते इंजिन उंच आणि या जीपचं बॉनेटही उंच. पूर्ण साइड व्हॉल्व्ह, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, ते त्याच्या आधीचं गो-डेव्हिल इंजिन. लेखात दुरुस्ती केली आहे. धन्यवाद.

पण ते शेवटचं वाक्य मला लागलं. कदर नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही मला ओळखत नाही, गाडी पाहिलेली नाही.

ही जीप माझ्या बाबांची. नंबर अजून ‘जीडी’चा आहे, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाचा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरातून (बागायतीतून) सुपारीची आणि नारळांची पोती हिनेच वाहिली. पावसात व्हाळाला (ओढ्याला) पाणी चढलं की गावातला आजारी माणूस वाळपईला न्यायला लोक आमच्याच दारात यायचे. तेरा वर्षांचा असताना मी मेस्त्रीच्या शेजारी टॉर्च धरून उभा राहायचो. ते कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) काढून वाटीभर पेट्रोलात टाकायचे, मग उजेडासमोर धरून भोकातून बघायचे आणि तोंडाने फुंकर मारायचे. एकदा मी मदत म्हणून जेटमध्ये तार घालायला गेलो तर त्यांनी हातावर चापट मारली. पितळ मऊ असतं, तार फिरवली की भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पिते. ती चापट मला अजून आठवते. आणि तुम्ही मला कदर शिकवता?

माझ्या कार्टरचं दुखणं काय होतं ते परत सांगतो, कारण तुम्ही ते वाचलेलं दिसत नाही. थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेचा) शाफ्ट बॉडीतच झिजला होता. अंगठा आणि बोटात धरला तर वर-खाली लटलटायचा. इंजिन स्लो ठेवून शाफ्टच्या टोकाशी कार्ब क्लीनरचा फवारा मारला की आवाज लगेच बदलायचा, म्हणजे तिथून हवा ओढली जात होती. अशी फुकटची हवा आत गेली की स्लोवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आयडलचा (स्लोचा) स्क्रू कितीही फिरवा, सेटिंग टिकत नाही. केरीच्या पुढे अंजुणे धरण मागे टाकून चोर्ल्याचा घाट चढताना वळणावर पाय उचलला आणि गाडी बंद पडली. मागे ट्रक, बाजूला आई बसलेली. त्या वळणावर चोक ओढून सेल्फ मारताना माझे हात कापत होते. किटमध्ये गॅस्केट येतात, नीडल-सीट येते, डायफ्रॅम येतो. झिजलेलं भोक बुजवणारं त्यात काही येत नाही.

बुश बसवता येतो हे मलाही ठाऊक आहे. करायचं की नाही हा माझा निर्णय होता, त्यावर आणखी बोलायची इच्छा नाही. फ्युएल पंप ठीक होता. इथेनॉलचा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन.

सोलेक्स लावल्यापासून तोच घाट मी चार वेळा चढलो-उतरलो आहे. सकाळी पहिल्या सेल्फला गाडी उठते. ‘मूळ पार्ट’ जपायचा म्हणून गाडी शेडमध्ये उभी करून तिच्यावर फडकं मारत बसणं यालाच कुणी कदर म्हणत असेल तर म्हणो. बाबांनी ती चालवायला घेतली होती.

आणि मी कार्टर भंगारात घातलेला नाही, जे तुम्ही न विचारताच गृहीत धरलंत. धुऊन, तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून बाबांच्या कपाटात ठेवला आहे. वाळपईकडे आलात तर घरी या. चहा घेऊ. तो शाफ्ट स्वतःच्या अंगठ्याने हलवून बघा, आणि मग काय लिहायचं ते लिहा.